जनुक चाचणीवरून मुलांचा खेळ ठरवू नका

लाळेच्या जनुक चाचणीवरून मुलाचा खेळ निवडावा, असे सुचवणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. हा सल्ला पालकांची दिशाभूल करणारा आहे.

सरावाला शरीर किती प्रतिसाद देते, यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे खरेच. व्यायामशास्त्राचे संशोधक क्लोद बूशार यांच्या ‘हेरिटेज’ अभ्यासात ९८ कुटुंबांतील व्यायामाची सवय नसलेल्या ४८१ जणांकडून २० आठवडे ठरावीक सराव करून घेतला. कुणाची कमाल ऑक्सिजन क्षमता (जोराच्या व्यायामात शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते ते) मिनिटाला लिटरभराने वाढली, कुणाची जवळपास जागच्या जागी राहिली. या फरकातला जास्तीत जास्त ४७ टक्के भाग आनुवंशिक ठरला. पण तो अनेक जनुकांचा एकत्रित परिणाम आहे. चाचणी विकणारे ज्याचा गाजावाजा करतात, ते स्नायूंच्या वेगाशी जोडले जाणारे एसीटीएन-३ जनुक धावण्याच्या वेगातला जेमतेम दोन-तीन टक्के फरक सांगते.

शिवाय प्रतिसाद न दिसणे म्हणजे बहुधा सराव कमी पडणे. २०१७ च्या एका प्रयोगात सरावाने क्षमता न वाढलेल्यांना आठवड्याला ६० मिनिटांची दोन सत्रे वाढवून दिली. सहा आठवड्यांत सगळ्यांचीच क्षमता वाढली.

जनुक चाचणीपेक्षा दर सहा आठवड्यांनी कूपर चाचणी घ्यावी, म्हणजे १२ मिनिटांत मूल किती अंतर धावते ते मोजावे. मैदान तेच, वेळ पहाटेची, आदल्या दिवशी विश्रांती. नागपुरात जानेवारीतले अंतर मे महिन्यातल्या अंतराशी मात्र ताडू नये. उन्हाळ्यात त्याच वेगाला नाडी जास्त पडते, मूल लवकर थकते आणि चांगला धावपटू नाहक निवड यादीतून गळतो.

— एक क्रीडा प्रशिक्षक, नागपूर