आजोबांच्या गोळ्या सुरू झाल्या, नातीकडे कोणी पाहिले नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

महोदय,

माझी भाची तीन वर्षांची असताना तिच्या आजोबांना फुप्फुसाचा क्षय निघाला. त्यांच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, पोषणाचे पैसे खात्यावर जमा होऊ लागले. मात्र रोज त्यांच्या मांडीवर बसून जेवणाऱ्या नातीला तपासायला कोणीही आले नाही. घरात असा रुग्ण असेल, तर पाच वर्षांखालील मुलाला स्वतःला क्षय नाही ना, हे पाहून प्रतिबंधक औषध द्यायचे असते, हे आम्हाला ती अंथरुणाला खिळल्यावर कळले.

तीन आठवडे रोज संध्याकाळी ताप चढे आणि पोर डोळ्यांदेखत वाळत होती. थुंकीचा अहवाल निगेटिव्ह आला, म्हणून एका दवाखान्यात टायफॉइडचेच उपचार चालू राहिले. वास्तविक एवढेसे मूल बेडका काढत नाही, गिळून टाकते. आणि रक्तावाटे पसरणाऱ्या मिलिअरी क्षयात मोठ्यांच्या थुंकीतही जंतू पुष्कळदा सापडत नाहीत. अखेर दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, तेव्हा दोन्ही फुप्फुसांवर मूठभर राळा उधळल्यासारखे एकसारखे बारीक ठिपके दिसले. ‘मिलिअरी’ हे नावही अशाच बारीक धान्याच्या लॅटिन नावावरून आले आहे. सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून काढलेल्या जठरातल्या पाण्यात सीबीनॅट चाचणीने जंतू सापडले, तर पाठीतून काढलेल्या पाण्याच्या तपासणीतून आजार मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचल्याचे दिसले. जन्मतः टोचलेली बीसीजी अशा क्षयापासून बरेच संरक्षण देते, पण पूर्ण नाही. वर्षभर औषधे घेऊन ती वाचली. डाव्या पायात मात्र अजून जोर नाही.

आपणांस माझी कळकळीची विनंती आहे, की क्षयरुग्णांच्या नोंदीच्या ‘निक्षय’ या सरकारी संकेतस्थळावर रुग्णाची नोंद होताच पंधरा दिवसांत त्याच्या घरी जाऊन प्रत्येक मुलाचे वजन करावे, ताप-खोकल्याची विचारपूस व्हावी आणि औषध दिले की नाही, हे रुग्णाच्याच कार्डावर लिहिले जावे. ग्रामीण रुग्णालयांत मुलांच्या जठरातले पाणी काढण्याची सोय असावी, आणि थुंकी निगेटिव्ह आली तरी ताप हटत नसेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय मूल घरी पाठवू नये, असे लेखी आदेश द्यावेत. आशाताई आमच्या दारावरून रोज जात होत्या. त्यांच्या हातात गोळ्या आणि लेखी आदेश असता, तर त्या नक्की थांबल्या असत्या.

आपली विश्वासू,
त्या मुलीची मावशी