यंदा कुणगे अर्धेलीने दिलेत

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, तुम्ही रागावणार हे धरूनच लिहितेय. व्हाळाकडचे भाताचे दोन्ही कुणगे यंदा खालच्या वाडीतल्या भाऊंना अर्धेलीने दिलेत, पीक निम्मं त्यांचं, निम्मं आपलं. काल फोनवर ठरवून टाकलं. आधी विचारलं असतं तर तुम्ही 'बघू' म्हणाला असतात आणि मृग लागताच चिखलात उतरला असतात.

तुमच्याने होत नाही म्हणून नाही हो. तुमच्यासारखी लावणी अजून वाडीत कुणाची नाही. पण गेल्या श्रावणातली ती पायाची करंगळी आठवा. चिखल्याच आहेत म्हणून खोबरेल लावत बसलात, आणि कळलं कधी, तर आईला वास आला तेव्हा. दुखलंच नाही तुम्हाला! पंधरा वर्षांच्या साखरेने तळव्यांची जाणीव गेलीय, पायाकडे रक्त कमी पोचतं, आणि साखर चढली की जंतूंशी लढणाऱ्या पेशीही सुस्तावतात. वर लेप्टोचा ताप आहेच. उंदराचं मूत त्याच पाण्यात आणि तुमच्या टाचांना या एवढ्या भेगा.

तांदूळ घरचाच खाल. पेजेसाठी लाल तांदळाचा वाटा आधीच मागून ठेवलाय. बांधावर उभं राहून भाऊंवर ओरडायला मोकळे आहात, फक्त गमबूट घालून.

व्हाळाला पाणी आलं की तुम्ही मला खांद्यावर घेऊन शाळेत सोडायचात. गढूळ पाण्यात नुसत्या पायाने दगड चाचपायचात, 'हा हलतोय' म्हणायचात. आता त्याच पायात काटा मोडला तरी कळत नाही. मला हे लिहवत नाही, पण लिहितेय.

आई, रोज रात्री बॅटरी घेऊन त्यांच्या बोटांच्या बेचक्या आणि तळवे बघ. विचारू नकोस, बघ. पाय धुतले की बेचक्या कोरड्या पुसायच्या. चुलीवरच्या पाण्यात आधी तुझं कोपर, मग त्यांचे पाय. तुळशीपाशीसुद्धा अनवाणी नाही. ताप, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल, यातलं काही झालं तर काढा उकळत बसू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. तिथेच फ्लूच्या आणि न्यूमोनियाच्या लसीचंही विचारा. आणि तू लावणीला जाणारच, मला माहीत आहे. तर लेप्टोची आठवड्याची गोळी मिळते का ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नकोस.

चतुर्थीला येतेय. बाबा, तोवर माझ्याशी बोलायचं नसेल तर नका बोलू. सकाळची साखर तेवढी आईकडून कळवा.

तुमची,
बाय