गाडी उभी ठेवायला घेता का?

संपादक महोदय,

जुन्या स्पोर्ट्स कार म्हणजे सोन्याहून चांगली गुंतवणूक, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. भाव खरे आहेत. फेरारीने 1962 ते 1964 मध्ये ‘250 जीटीओ’ नावाच्या गाड्या जेमतेम 36 बनवल्या. त्यातली एक 2018 च्या लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलरला गेली. पण ती बनली होती शर्यतीत पळायला!

नागपुरात सदर भागात माझं गॅरेज आहे. वर्षानुवर्षं कव्हरखाली ठेवलेली गाडी येते तेव्हा कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात, पेट्रोल सुकून पिवळट चिकटा झालेला असतो, त्यातली बारीक भोकं (जेट) बंद, ब्रेक ऑइलने ओलावा धरून ब्रेकचे सिलिंडर गंजलेले, टायर एका बाजूने चपटे. त्यात आपला मे महिना. रबरी सील तडकतातच. मालक म्हणतात, किलोमीटर वाढले तर भाव पडेल. जीव तुटतो ऐकून.

राजेहो, हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी गाडी शहराबाहेर बुटीबोरीपर्यंत तरी नेऊन आणा. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांवरच्या, विंटेज नोंदणीच्या गाडीला रोजचा वापर मना आहे, पण रॅलीसाठी आणि देखभालीसाठी रस्त्यावर आणायची मुभा आहे. ती तरी वापरा.

– एक मोटार मेकॅनिक, सदर, नागपूर