तो फवारा लॉगबुकात लिहिलास का?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. जहाजावर पहाटेच्या वॉचला (पहाऱ्याला) देवमाशाचा फवारा दिसला आणि दुर्बीण डोळ्याला लावेस्तोवर शेपटी पाण्याखाली गेलीसुद्धा, हे वाचून तुझा हेवा वाटला. पण पुढे लिहिलंस, "एवढं धूड, त्याला जहाज ऐकू येत नाही? बाजूला व्हायला काय होतं?" ते काही डोक्यातून जाईना.

ऐकू येतं रे, पण नको तिथे. आवाज करतो तो पंखा मागे, मधे दोन-तीनशे मीटर लोखंड. त्यामुळे नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, अगदी पुढ्यात आवाज सगळ्यात कमी. वर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ खर्जाचा आवाज तसाही विरतो. म्हणजे श्वास घ्यायला देवमासा जिथे येतो, तिथेच फसतो. निळा देवमासा तर जहाज अंगावर आलं तरी बाजूला वळत नाही, सावकाश खाली जाऊ लागतो. मग भोंगा? तोही करून पाहिलाय. अटलांटिकमधल्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांना इशाऱ्याचा आवाज ऐकवला, तर ते घाईघाईने वर आले! २००४ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

कधीकधी बंदरात आलेल्या जहाजाच्या नाळेवर मेलेला देवमासा आडवा अडकलेला सापडतो, आणि ब्रिजवर, जिथून जहाज हाकतात तिथे, कोणाला हादरासुद्धा बसलेला नसतो. जे बुडून जातात त्यांची मोजदाद कोण ठेवणार?

धडक टाळायला जहाजाची वाट बदलता आली तर उत्तमच. कॅनडाच्या फंडी उपसागरात २००३ मध्ये जहाजांचा मार्ग सरकवला. श्रीलंकेच्या दक्षिणेला एका बड्या कंपनीने २०२२ मध्ये आपणहून आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. वाट हलत नाही तिथे वेग कमी करायचा. अभ्यासकांचा अंदाज असा, की १५ नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) धडक बसली तर दहातले आठ मरतात, नऊच्या खाली दोन. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ठरलेल्या पट्ट्यांत, ठरलेल्या महिन्यांत, ६५ फूट आणि त्याहून लांब जहाजांना १० नॉटची मर्यादा आहे, २००८ पासून.

तू म्हणशील, उशीर झाला की वरून फोन येतात. येत असतील. पण जिवाच्या आकांताने धावत जायचं आणि बंदराबाहेर नांगर टाकून पाळीची वाट बघत बसायचं, हे तूच सांगितलंयस ना मला? तेल जाळलं ते वेगळंच.

तर, तो फवारा लॉगबुकात लिहिलास का? नसशील, तर निदान वेळ आणि अक्षांश-रेखांश आठवून ठेव. आणि मागून येणाऱ्या जहाजाला रेडिओवर सांगत जा.

तुझा,
अविनाश