प्रिंटरमधील सर्व्हर सर्टिफिकेटची पडताळणी परस्पर बंद केल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक येथील सहा वाय-फाय प्रिंटर

महोदय,

आमच्या डिस्पॅच आणि स्टोअरमधले आपले सहाही प्रिंटर ८०२.१एक्स नेटवर्कवर (ओळख पटल्यावरच आत घेणारे नेटवर्क) पीईएपी या लॉगिन पद्धतीने जोडलेले आहेत. लॉगिन तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरच्या सर्टिफिकेटचे (डिजिटल ओळखपत्राचे) नूतनीकरण होताच सहाही एकदम बंद पडले. आपल्या इंजिनिअरने येऊन 'सर्व्हर सर्टिफिकेट तपासा' समोरची टिक काढली आणि सर्व्हिस रिपोर्टवर 'समस्या सुटली' असे लिहून कॉल बंद केला.

मूळ चूक बसवतानाची आहे. 'सीए सर्टिफिकेट'च्या रकान्यात रूट (सर्टिफिकेट देणाऱ्या सीएचे मूळ सर्टिफिकेट) भरायचे सोडून सर्व्हरचेच सर्टिफिकेट भरले होते. ते बदलले की प्रिंटर अडणारच. टिक काढल्याने मात्र प्रिंटर आता कोणत्याही सर्व्हरवर विश्वास ठेवतो. गेटबाहेर उभ्या गाडीतून कुणी आमच्याच नावाचे वाय-फाय चालू केले, तरी तो लॉगिनची देवाणघेवाण तिथे करून मोकळा होईल. एमएस-चॅप व्ही२ या पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीवर भिस्त असताना त्यावरून पासवर्ड फोडणे अवघड नाही.

आम्ही रूट भरून टिक परत लावली. प्रिंटर जोडले गेले. खात्रीसाठी 'सर्व्हरचे नाव' या रकान्यात मुद्दाम 'अबक' लिहिले, सेव्ह करून प्रिंटर बंद-चालू केला, तरीही तो जोडला गेला! म्हणजे नाव तपासलेच जात नाही. त्याच रूटने दिलेले दुसऱ्या एखाद्या मशीनचे सर्टिफिकेटही चालून जाण्याची भीती आहे.

दुसरा दोष घड्याळाचा. शनिवारी मेन स्विच बंद असतो. रविवारी दोन प्रिंटरवर तारीख १ जानेवारी २०१५ दिसते, आणि त्या तारखेला आमचे सर्टिफिकेट अजून लागूच झालेले नसते. वेळ एनटीपीवरून (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) घ्यावी, तर आधी नेटवर्क हवे. पॅनेलवर फक्त 'ऑथेंटिकेशन फेल'. रूट सापडत नाही, मुदत संपली की तारीख चुकली, काही कळत नाही. नेटवर्कवरची पॅकेट पकडून टीएलएस अलर्टचा (सुरक्षित जोडणी नाकारताना येणाऱ्या इशाऱ्याचा) आकडा पाहावा लागतो (अनोळखी सीए असेल तर ४८). हे स्टोअरकीपरने करायचे का?

सर्व्हरचे नाव खरोखर तपासणारे फर्मवेअर (प्रिंटरमधले सॉफ्टवेअर) द्यावे, त्या दोन प्रिंटरच्या घड्याळाची बॅटरी बदलावी आणि सर्व्हिस रिपोर्ट दुरुस्त करून द्यावा. पडताळणी बंद करायची असेल तर आधी आमची लेखी परवानगी घ्यावी. तोवर एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) या तिमाहीचे बिल थांबवले आहे.

आपला,
आयटी विभागप्रमुख