वारेच्या दोन बाजू

प्रिय मित्रा,

परवा रात्री साडेअकराला फोन करून तू गरोदर वहिनींबद्दल विचारलंस, "बाळ हिची हाडं खातंय का रे?" मी हसलो, ते मनावर घेऊ नकोस. अर्धवट झोपेत धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आपण कौतुक नाळेचं करतो, पण नाळ म्हणजे नुसता रस्ता. राबते ती वार, म्हणजे नाळेच्या दुसऱ्या टोकाला, गर्भाशयाला चिकटलेला अवयव (प्लॅसेंटा). शिकत असताना मी एकदा ती हातात धरली होती. वजन अर्धा किलोच्या आसपास, आकार ताटलीएवढा. बाळाकडची बाजू गुळगुळीत, चकचकीत, वर शिरांचं जाळं. आईकडची खडबडीत, गडद लाल. दोघांचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधे पेशींचा पातळ पडदा, आणि तो ओलांडायची प्रत्येक खनिजाची तऱ्हा वेगळी.

कॅल्शियम बाळाच्या रक्तात आईपेक्षा जास्त असतं. म्हणजे ते नुसतं झिरपून येत नाही, पडद्यातले पंप ऊर्जा खर्चून ते चढावर ढकलतात. जन्मापर्यंत बाळाच्या अंगात साधारण ३० ग्रॅम साठतं, त्यातलं सुमारे ८० टक्के शेवटच्या तीन महिन्यांत. त्यासाठी वहिनींचं आतडं अन्नातलं कॅल्शियम जवळजवळ दुपटीनं शोषतंय. हाडांतून थोडीफार उचल होते, नाही असं नाही, पण ती बरीचशी पुढे भरून निघते. दातांना तर बाळ हातही लावत नाही.

मला जास्त काळजी लोहाची वाटते. आईच्या रक्तात लोह ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरतं. वारेच्या पेशी ते प्रथिन लोहासकट आत ओढतात, लोह उतरवून घेतात आणि प्रथिन आईच्या रक्तात परत सोडतात, रिकामी टोपली परत करावी तसं. उतरवलेला माल बाळाकडेच जातो. ही वाट एकेरी. अख्ख्या गरोदरपणाला साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं ३५० च्या आसपास बाळ आणि वार मिळून घेतात, बाकीचं आईच्या वाढलेल्या रक्ताला आणि रोजच्या झिजेला. जन्मानंतर पहिले काही महिने बाळ याच शिदोरीवर काढतं, कारण आईच्या दुधात लोह फारच थोडं. म्हणून वहिनींच्या लोहाच्या गोळ्या चुकवू नका, आणि कॅल्शियमची गोळी त्यांच्यासोबत नको, वेगळ्या वेळी. पोटात दोन्ही एकदम गेल्या की लोह नीट शोषलं जात नाही.

बाळाच्या खोलीचा जुना रंग खरवडायला घेतलायस म्हणालास. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि एवढा चोखंदळ पडदा शिशाला मात्र अडवत नाही. ते काम सध्या राहू दे.

आणि डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव, सगळं ठीक असेल तर नाळ कापायला निदान एक मिनिट थांबाल का म्हणून. तेवढ्यात वारेत उरलेलं बरंचसं रक्त बाळाकडे जातं, आणि त्याबरोबर लोहाचा शेवटचा हप्ताही.

वहिनींना नमस्कार. फोन कर, पण दहाच्या आत.

तुझा मित्र