कवितेचा अर्थ पोरांना लावू द्या : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स. न. वि. वि.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दहावीच्या वर्गात कविता वाचून झाली की विचारते, "तुम्हाला काय वाटलं?" लगेच बाकाखाली गाईडं उघडतात. पोरं मठ्ठ नाहीत हो. आपलं उत्तर चुकेल, गुण जातील, ही धास्ती.

मध्यंतरी बहिणाबाई चौधरींची ओळ फळ्यावर लिहिली : 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर'. पुढच्या बाकांवरून ठरलेलं उत्तर आलं, 'मनाची चंचलता'. मागून एक पोरगा पुटपुटला, "चंचल कसं मॅडम? त्याले समदं म्हाईत शे." बोल म्हटल्यावर सांगू लागला. दादरमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीत, शिरलेलं ढोर हाकललं की बांधापर्यंत जातं आणि राखणदाराची पाठ वळली की पिकाच्या बरोबर त्याच ओळीत परत येतं. कणसाची चव लागलेली असते. म्हणजे मन भरकटलेलं नाही, हवं ते कुठं आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे. 'किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर' ही पुढची ओळही त्याच्याच बाजूने साक्ष देते. मग त्याने विचारलं, "पेपरात असं लिहिलं तर चालीन का?" मला छातीठोकपणे 'हो' म्हणता आलं नाही.

2018 साली दहावीचं मराठीचं पाठ्यपुस्तक, कुमारभारती, नवं आलं, प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, स्वमताला जागा मिळाली. हेतू चांगलाच होता. पण आता स्वमतही गाईडात छापून मिळतं! रसग्रहणाचे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे कप्पे पाठ केलेल्या वाक्यांनी भरले की काम झालं. गठ्ठे उपसणाऱ्या परीक्षकालाही तेच सोयीचं.

कृतिपत्रिकेत एक गद्य उतारा अपठित असतो, रसग्रहण मात्र पुस्तकातल्याच कवितेचं. तिथे न शिकवलेल्या आठ-दहा ओळी द्या. आणि नमुना उत्तरात नसलेला अर्थ कवितेतल्या ओळीचा आधार देऊन मांडला असेल, तर त्याला पूर्ण गुण मिळतील, हे कृतिपत्रिकेवरच छापा. परीक्षकांच्या सूचनांमध्ये ते हवंच, पण पोरांनाही परीक्षेत डोळ्यांनी दिसू द्या.

निकाल घसरेल, अशी ओरड होईल. सुरुवातीला दोनच गुणांना ठेवा. ग्रामीण पोरांना झेपणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी मात्र एकदा आमच्या मागच्या बाकावर येऊन बसावं.

एक शेवटची विनंती. मंडळाने याचे नमुना प्रश्न जूनमध्येच शाळांना पाठवावेत. दिवाळीनंतर पाठवून उपयोग नाही, तोवर गाईडं विकली गेलेली असतात.

कळावे,
आपली,
मराठीची एक शिक्षिका, अमळनेर तालुका, जि. जळगाव